घराएवढं घड्याळ, रिक्षाहून मोठा पक्षी!

मुलांनो, घड्याळ किती मोठं असू शकतं?

चौथीच्या वर्गात 'वेळ' हा पाठ शिकवताना मी हा प्रश्न विचारला. एकजण म्हणाला, "बाई, एसटी स्टँडवरच्या घड्याळाएवढं!" दुसरी म्हणाली, "फळ्याएवढं!" मी म्हटलं, "आणखी मोठं." वर्ग जरा गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "घराएवढं?" आणि सगळे हसले.

हसू नका बरं का! त्यानं दिलेलं उत्तरच बरोबर होतं. जगात खरोखरच घराएवढी घड्याळं आहेत. तासाचा ठोका पडला की वरची खिडकी धाडकन उघडते, एक भला मोठा लाकडी पक्षी बाहेर डोकावतो आणि 'कु-कू' असं ओरडून पुन्हा आत जातो. खाली माना वर करून उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात. हे ऐकायला गावोगावचे, देशोदेशीचे प्रवासी येतात. अशा घड्याळांमुळे काही छोटी गावं जगाच्या नकाशावर आली आहेत.

चला तर, आज त्या गावांना भेट देऊ. पण आधी या घड्याळाचं मूळ गाव बघायला हवं.

काळ्या जंगलात

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डोंगराळ मुलूख आहे. त्याचं नाव 'श्वार्झवाल्ड', म्हणजे काळं जंगल. उंचच उंच सूचिपर्णी झाडं इतकी दाट, की दुरून डोंगर काळेच दिसतात. हिवाळ्यात इथं भरपूर बर्फ पडतं. शेतं बर्फाखाली गेली, की शेतकऱ्यानं करायचं काय? घरात शेगडी पेटलेली, बाहेर लाकूड मुबलक आणि हातात भरपूर वेळ. मग हे शेतकरी लाकूड कोरू लागले आणि त्यातूनच घड्याळं बनवू लागले. सुरुवातीच्या घड्याळांतली दातेरी चाकंसुद्धा लाकडाचीच असत. अठराव्या शतकात या डोंगरातल्या घराघरांत हा धंदा रुजला.

घड्याळं तयार झाली, पण ती विकायची कुठं? त्यासाठी फिरते विक्रेते असत. पाठीला लाकडी घोडी बांधायची, तिच्यावर घड्याळं लटकवायची आणि चालू पडायचं! असे हे विक्रेते इंग्लंड, रशिया, तुर्कस्तानपर्यंत पोचले.

पुष्कळ लोकांना वाटतं, की कुकू घड्याळ स्वित्झर्लंडचं. पण तसं नाही. हे घड्याळ खरं जर्मनीतल्या या काळ्या जंगलाचं. मात्र पहिलं कुकू घड्याळ इथंच बनलं, असंही नाही. १६२९ साली, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या थोडं आधी, जर्मनीतल्याच सॅक्सनीच्या राजघराण्याकडे कुकूचा आवाज काढणारं घड्याळ असल्याची नोंद सापडते. काळ्या जंगलातल्या कारागिरांनी ते आपलंसं केलं आणि घरोघर पोचवलं.

आता त्याच्या रूपाची गोष्ट. १८५० साली फुर्टवांगेन गावात घड्याळं बनवायला शिकवणारी सरकारी शाळा सुरू झाली. तिचे प्रमुख होते रॉबर्ट गेरविग. 'घड्याळासाठी नवा नमुना काढा,' असं आवाहन त्यांनी केलं. फ्रीडरिश आयझेनलोर नावाचे वास्तुकार तेव्हा रेल्वेच्या इमारतींचे आराखडे काढत असत. रेल्वेमार्गाच्या कडेला पहारेकऱ्याची छोटी घरं असतात ना, उतरत्या छपराची? तसंच घर त्यांनी घड्याळासाठी काढून दिलं. भोवती वेलीची नक्षी, मध्ये तबकडी. पुढं या घराच्या वरच्या खिडकीत कुकू येऊन बसला. चित्रांत आपण पाहतो ते कुकू घड्याळ म्हणजे खरं तर रेल्वेचं घर!

गंमत म्हणजे याच गेरविगसाहेबांनी पुढं या डोंगरातून रेल्वे नेली. हा मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. त्यावर ३९ बोगदे आहेत. रेल्वेच्या घरावरून घड्याळ झालं आणि रेल्वेनं प्रवासी आणले. प्रवासी परत जाताना घड्याळं घेऊन गेले. एकाच माणसाचा दोन्हीकडं हातभार!

पक्षी ओरडतो कसा?

आता तुम्ही विचाराल, लाकडाचा पक्षी ओरडतो कसा? त्याच्या चोचीतून आवाज येतच नाही मुळी! आवाज येतो पेटीच्या आतून. तिथं दोन छोट्या लाकडी शिट्ट्या असतात. प्रत्येक शिट्टीवर एक छोटा भाता बसवलेला असतो, लोहाराच्या भात्यासारखा. ठोक्याची वेळ झाली, की चाकाला जोडलेल्या तारा एकापाठोपाठ एक भाते उचलतात आणि सोडून देतात. भाता खाली बसला, की त्यातली हवा शिट्टीत शिरते. पहिली शिट्टी वरच्या स्वरात 'कु' म्हणते, दुसरी खालच्या स्वरात 'कू' म्हणते. झालं 'कु-कू'! त्याच वेळी दुसरी एक तार पक्ष्याला पुढं ढकलते आणि दार उघडतं.

या घड्याळाला किल्ली नसते, बॅटरीही नसते. खाली साखळ्यांना लोखंडी वजनं लटकवलेली असतात. ती पाइनच्या झाडाच्या फळासारखी दिसतात. वजन हळूहळू खाली येतं आणि चाकं फिरवतं. पण ते एकदम धाडकन खाली का येत नाही? कारण वाटेत राखणदार उभा असतो! तो म्हणजे लंबक. लंबक एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं जातो आणि प्रत्येक हेलकाव्याला चाकाचा एकच दात पुढं सोडतो. तोच तो 'टिक-टिक' आवाज. वजन तळाला पोचलं, की साखळी ओढून ते पुन्हा वर चढवायचं. काही घड्याळांत हे रोज करावं लागतं, काहींत आठ दिवसांनी.

म्हणजे बघा, गुरुत्वाकर्षण, दंतचक्रं, हवेचा दाब आणि स्वर, सगळं विज्ञान एका पेटीत!

दोन शेजारी गावांची चढाओढ

काळ्या जंगलात शोनाख आणि ट्रिबेर्ग ही दोन गावं अगदी शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही घड्याळांसाठी प्रसिद्ध.

शोनाखमध्ये योझेफ डोल्ड नावाचे घड्याळजी होते. त्यांच्या मनात आलं, कुकू घड्याळ इतकं मोठं करायचं की माणसाला आत जाऊन त्याची चाकं फिरताना पाहता आली पाहिजेत. ते कामाला लागले. सुमारे तीन वर्षं खपून १९८० मध्ये त्यांनी एक घर उभं केलं आणि त्या घराचंच घड्याळ केलं! नेहमीच्या घड्याळाच्या ५० पट मोठं. आतली यंत्रणा ३.६० मीटर रुंद आणि ३.१० मीटर उंच. चाकंही लाकडाची. भल्या मोठ्या घड्याळांच्या या खेळात डोल्ड यांचं घड्याळ 'जगातलं पहिलं सर्वांत मोठं कुकू घड्याळ' म्हणून ओळखलं जातं.

आता शेजारी कसे गप्प बसतील? ट्रिबेर्गच्या हद्दीत एब्ल कुटुंबाचं घड्याळांचं दुकान आहे. एवाल्ड एब्ल आणि त्यांचा मुलगा राल्फ, दोघंही घड्याळजी. त्यांनी ठरवलं, पन्नास पट नाही, साठ पट! बापलेक पाच वर्षं राबले. तयार झालेल्या घड्याळाची यंत्रणा ४.५ मीटर रुंद आणि तेवढीच उंच आहे. तिचं वजन सहा टन, म्हणजे ५० किलोची १२० पोती! लंबक आठ मीटर लांब, साधारण दोन मजल्यांएवढा. आणि पक्षी? साडेचार मीटर लांबीचा आणि १५० किलो वजनाचा. आपली रिक्षा त्याच्यापुढं लहान दिसेल! १९९७ मध्ये गिनेस बुकनं या घड्याळाची सर्वांत मोठं कुकू घड्याळ म्हणून नोंद घेतली.

तेव्हापासून एक गाव म्हणतं, "आमचं पहिलं." दुसरं म्हणतं, "आमचं मोठं." दोघांचंही खरं! आणि प्रवासी काय करतात? ते दोन्ही बघतात. भांडणात दोन्ही गावांचा फायदा!

साठ पट म्हणजे किती?

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. घड्याळ साठ पट मोठं करायचं म्हणजे प्रत्येक भाग साठ पट मोठा केला की झालं, असं तुम्हाला वाटेल. पण इथंच खरी मेख आहे.

साखरेचा चौकोनी खडा डोळ्यांसमोर आणा. त्याची लांबी दुप्पट करा, रुंदी दुप्पट करा, उंचीही दुप्पट करा. आता तो पहिल्या किती खड्यांएवढा झाला? दोन? नाही! २ × २ × २ = ८. मग साठ पट केलं तर? ६० × ६० × ६० = २,१६,०००. लांबी साठ पट, पण वजन मात्र दोन लाख सोळा हजार पट!

समजा, घरातल्या घड्याळातला पक्षी फक्त दोन ग्रॅमचा आहे. तो तसाच्या तसा साठ पट मोठा केला, तर त्याचं वजन होईल ४३२ किलो. असा पक्षी दर अर्ध्या तासाला खिडकीतून आत-बाहेर करायचा, म्हणजे म्हैस ओढण्यासारखंच झालं! म्हणून नुसतं मोठं करून भागत नाही. कुठं लाकूड कमी करायचं, कुठं आधार जाड करायचा, याचा नव्यानं विचार करावा लागतो. मोठं घड्याळ बनवणं हे छोटं घड्याळ बनवण्यापेक्षा वेगळंच काम आहे. त्या बापलेकांना पाच वर्षं का लागली, ते आता कळलं ना?

करून पाहा

एक दोरा घ्या. टोकाला छोटा दगड बांधा. दोरा दाराच्या कडीला किंवा खिळ्याला अडकवा. कडीपासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. दगडाला हलकाच झोका द्या आणि तो जाऊन परत आला की 'एक' मोजा. असे दहा झोके मोजा. आईबाबांना सेकंदकाट्याकडं बघायला सांगा. साधारण दहा सेकंद लागतील.

आता दोरा चौपट करा, म्हणजे एक मीटर. पुन्हा दहा झोके मोजा. किती वेळ लागला? चाळीस सेकंद? छे! वीसच सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. लंबकाचा हा नियम आहे.

आता दुसरा, जड दगड बांधून बघा. वेळ बदलतो का? ते मी सांगणार नाही. करूनच पाहा!

याच नियमानं ट्रिबेर्गच्या आठ मीटर लांब लंबकाला नुसतं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायलाच पावणेतीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. घरातलं छोटं कुकू घड्याळ टिकटिक-टिकटिक करत लगबगीनं पळतं. हे मोठं घड्याळ मात्र आजोबांसारखं सावकाश चालतं. वेळ दोघांचीही एकच!

समुद्रापलीकडची घड्याळं

मोठ्या कुकू घड्याळाची कल्पना तशी जुनी. दुसरं महायुद्ध १९४५ मध्ये संपलं आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वीसबाडेन शहरात एका दुकानदारानं दुकानाच्या दर्शनी भागावर भलं मोठं कुकू घड्याळ बसवलं. गिऱ्हाईक यावं म्हणून! येणारे-जाणारे थबकून पाहू लागले.

दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनामध्ये, व्हिला कार्लोस पास नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. तिथं जर्मन मंडळींनी १९५८ मध्ये सुमारे सात मीटर उंचीचं कुकू घड्याळ उभारलं. आज त्या गावाला गेलं आणि घड्याळाजवळ फोटो काढला नाही, तर गेल्याचं कुणी खरं मानत नाही!

अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या घड्याळाची कहाणी तर गोष्टीच्या पुस्तकासारखी आहे. १९७२ मध्ये विल्मट गावातल्या एका हॉटेलापाशी ते उभं राहिलं. २३ फूट उंच, २४ फूट रुंद. पक्षी ओरडला की छोटा बँड वाजू लागतो आणि एक लाकडी जोडपं गिरक्या घेत नाचतं. गिनेस बुकच्या मुखपृष्ठावरही ते झळकलं होतं. पुढं हॉटेल बंद झालं. घड्याळ मुकं झालं, लिलावात विकलं गेलं. पण जवळच्या शुगरक्रीक गावानं ते दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ मध्ये आपल्या गावाच्या मध्यभागी उभं केलं. शुगरक्रीकला 'ओहायोचं छोटं स्वित्झर्लंड' म्हणतात. घड्याळ जर्मनीचं, गाव स्वित्झर्लंडच्या थाटाचं आणि देश अमेरिका!

आता कॅनडात जाऊ. तिथल्या डोंगरात किंबर्ली नावाचं गाव आहे. ते वसलं खाणीवर. सलिव्हन नावाच्या तिथल्या खाणीतून शिसं आणि जस्त निघायचं. गावातली घरं त्या खाणीवर चालायची. पण खाण म्हणजे काही अक्षय थाळी नव्हे. एक दिवस ती रिकामी होणार, हे लोकांना माहीत होतं. मग खायचं काय? लोक रडत बसले नाहीत. १९७०च्या दशकातच त्यांनी गावाचं रूप बदलायला घेतलं. दुकानांना जर्मनीच्या बव्हेरियासारखी लाकडी सज्जे आणि रंगीत नक्षी आली. मधल्या चौकात मोठं कुकू घड्याळ उभं राहिलं. त्यात नाणं टाकलं, की पक्ष्याऐवजी 'हॅपी हॅन्स' नावाचा लाकडी माणूस बाहेर येतो आणि डोंगरी लोकांच्या पद्धतीनं, गळ्यातला आवाज झरकन खाली-वर करत गातो. २००१ मध्ये खाण खरोखरच बंद झाली. तोवर गावाला दुसरी ओळख मिळालेली होती.

म्हणजे ही घड्याळं नुसती गंमत नाहीत. त्यांच्यामागं पोटाचा प्रश्नही आहे. खुद्द काळ्या जंगलाचंच बघा ना. १९७०नंतर बॅटरीवर चालणारी स्वस्त घड्याळं बाजारात आली. ती वेळ अगदी अचूक दाखवत. त्यामुळं तिथले कितीतरी घड्याळांचे कारखाने बंद पडले. अशा काळात डोल्ड आणि एब्ल यांनी घराएवढी घड्याळं बांधली. ती पाहायला लोक आले. आले म्हणजे आतली चाकं पाहिली, हातानं कोरलेलं लाकूड पाहिलं, एखादं छोटं घड्याळ विकत घेतलं. आजही तिथले कारागीर यंत्रावर चालणारी कुकू घड्याळं बनवतात. सगळे महत्त्वाचे भाग काळ्या जंगलातच बनले असतील, तर तसं प्रमाणपत्रही घड्याळासोबत मिळतं.

आणि खरा कुकू?

लाकडी पक्ष्याबद्दल खूप बोललो. आता खऱ्या पक्ष्याबद्दल थोडं.

कुकू हा आपल्या कोकिळेचा आणि पावशाचा भाऊबंद. तिघांचीही खोड एकच, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालायची! आपल्याकडे मृगाच्या आधी पावशा ओरडू लागला, की शेतकरी म्हणतो, "ऐका, 'पेरते व्हा' म्हणतोय!" तसाच जर्मनीत कुकू साधारण एप्रिलमध्ये आफ्रिकेतून परत येतो आणि वसंताची वर्दी देतो. तिकडचे जुने लोक म्हणत, त्या वर्षीचा पहिला कुकू ऐकताना खिशातली नाणी खुळखुळवावीत, म्हणजे वर्षभर पैसा कमी पडत नाही. म्हणजे घड्याळात बसायच्या आधीपासूनच हा पक्षी लोकांना वेळ सांगत होता. घड्याळासाठी त्याची निवड झाली, ती किती योग्य!

पण एक वाईट बातमीही आहे. जर्मनीत खरे कुकू कमी होत चालले आहेत. २००८ मध्ये तिथल्या पक्षिमित्रांनी कुकूला 'वर्षाचा पक्षी' म्हणून जाहीर केलं, ते त्याच्याकडे लोकांचं लक्ष जावं म्हणूनच. तो खातो त्या सुरवंटांसारख्या किड्यांची संख्या घटली आहे. शिवाय हवामान तापत चाललं आहे. वसंत लवकर येतो, म्हणून तिथले छोटे पक्षी घरटीही लवकर बांधतात. कुकू मात्र आफ्रिकेहून आपल्या जुन्या वेळेलाच निघतो. तो पोचतो, तेव्हा पुष्कळ घरट्यांत अंडी उबवायला सुरुवात झालेली असते. त्याला अंडी घालायला जागाच उरत नाही.

बघा हं, लाकडी कुकू दर अर्ध्या तासाला अगदी वेळेवर ओरडतो. आणि ज्याच्यावरून तो बनवला, त्या खऱ्या कुकूचं घड्याळ मात्र चुकायला लागलं आहे. लाकडी पक्षी थांबला, तर घड्याळजी साखळी ओढून त्याला पुन्हा चालू करतो. खऱ्या पक्ष्याला अशी साखळी नाही.

म्हणून या वर्षी एक काम करा. मे महिन्याच्या शेवटी, पहाटे किंवा संध्याकाळी, आईबाबांना किंवा आजीला घेऊन झाडं असतील तिथं जरा वेळ शांत उभे राहा. पावशा ऐकू आला, की तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा ऐका, पुन्हा लिहा. आणि हो, पालकांनो, तुमच्या लहानपणी तो कधी ओरडायचा, तेही मुलांना सांगा. तेही वहीत यायला हवं.

जाता जाता एक कोडं

कुकू घड्याळ जितके वाजले तितक्या वेळा 'कु-कू' करतं. एक वाजता एकदा, बारा वाजता बारा वेळा. शिवाय प्रत्येक साडेला एकदा. तर दिवस-रात्र मिळून २४ तासांत पक्षी किती वेळा ओरडेल? आधी स्वतः हिशेब करा, मगच खालचं उत्तर बघा.

उत्तर : १ ते १२ या आकड्यांची बेरीज ७८. दिवसातून दोनदा, म्हणजे १५६. शिवाय २४ साडे. एकूण १८० वेळा!